खुब्यातला धातू आणि सीटी: एमएआर वेगळं, ड्युअल एनर्जी वेगळी

सोलापुरात सीटीसाठी पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून पेशंट येतात, सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीहूनही येतात. त्यात खुब्यात बॉल बसवलेले आजी-आजोबा असले, की नातेवाईक विचारतात, "मशीनवर मेटलचं सॉफ्टवेअर आहे ना?" 'आहे' म्हटलं तरी त्यामागे दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात: ड्युअल एनर्जी किंवा एमएआर.

धातू सीटीचा घात दोन वाटांनी करतो. झोतातले कमी ऊर्जेचे क्ष-किरण तो आधी शोषून घेतो. उरलेल्या झोताची सरासरी ऊर्जा चढते आणि संगणकाचा हिशेब चुकतो. हे बीम हार्डनिंग. दुसरं म्हणजे, जाड धातूतून डिटेक्टरपर्यंत किरण जवळजवळ पोचतच नाहीत. हे फोटॉन स्टार्व्हेशन. दोन्ही खुबे बदललेले असतील, तर दोन बॉलच्या मधोमध काळा पट्टा उमटतो आणि मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय नेमके त्यातच बुडतात.

ड्युअल एनर्जी मुख्यतः पहिल्या दोषावर चालते. दोन वेगळ्या ऊर्जांवर माहिती घेऊन, जणू एकाच ऊर्जेचे किरण वापरले असावेत अशी प्रतिमा गणिताने काढतात. धातूसाठी ती साधारण 110 ते 150 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर बघतात. टायटॅनियमला याने चांगला फरक पडतो. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा जाड बॉल असेल, तर मुळात किरणच पोचलेले नसतात, मग गणित कशावर करणार? शिवाय ऊर्जा चढवली की शिरेतून दिलेल्या आयोडीनच्या औषधाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे त्याचा उठाव, फिका पडतो. सांध्याभोवती पू झालाय का, हे शोधायचं असेल तेव्हा हे नुकसान जाणवतं.

एमएआर म्हणजे मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन, धातूमुळे प्रतिमेत उमटलेले खोटे पट्टे कमी करणं. कल्पना जुनी, जर्मन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ विली कालेंडर यांनी 1987 मध्येच मांडलेली. धातूतून गेलेल्या किरणांची बिघडलेली मोजमापं काढून टाकायची, शेजारच्या मोजमापांवरून तिथे अंदाज भरायचा, प्रतिमा नव्याने रचायची आणि धातू परत जागेवर ठेवायचा. हे रफूचं काम आहे: वीण सलग दिसते, पण तिथला धागा मूळचा नसतो. कोबाल्ट-क्रोम किंवा दोन्ही खुब्यांच्या काळ्या पट्ट्यावर मला हाच उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

धातूला अगदी खेटून असलेल्या हाडाबाबत मात्र फार जपायला हवं. एमएआर तिथे कधी नसलेली काळी कड दाखवतं, ती बॉल सैल झाल्यासारखी भासते. कधी खरा बारीक तपशील पुसून टाकतं. म्हणून एमएआरची प्रतिमा एकटी वाचू नयेच. मूळ प्रतिमा शेजारी लावलेली हवी. काही मशीनवर दोन्ही उपाय एकत्रही वापरता येतात.

व्यवहारातला मोठा फरक वेळेचा आहे. बहुतेक मशीनवर ड्युअल एनर्जी स्कॅनआधीच ठरवावी लागते. एमएआर, मशीनवर सोय असेल तर, स्कॅननंतरही करता येतं, पण त्याला कच्चा डेटा, म्हणजे डिटेक्टरची मूळ मोजमापं, लागतो. सीडीत किंवा पॅक्समध्ये (दवाखान्याच्या प्रतिमा साठवणाऱ्या संगणक-यंत्रणेत) फक्त प्रतिमा असतात. कच्चा डेटा मशीनवर सहसा थोडेच दिवस राहतो, नंतर जागेसाठी पुसला जातो. म्हणून नंबर लावतानाच सांगा: खुबा एक की दोन्ही, कोणत्या बाजूचा. ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर असतं, त्यावरून धातू कळू शकतो. त्याचा फोटो दाखवलात, तर टेबलावर झोपवण्याआधीच टेक्निशियनला पद्धत निवडता येते.