कोर्टात केस चालू असलेला मुलगा आणि शेजारचा बाक

२२ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, ईस्ट हायस्कूल नावाच्या सरकारी शाळेत, सकाळी दहाच्या सुमाराला सतरा वर्षांच्या एका मुलाची अंगझडती चालू होती. त्या दिवशी काही संशय आला होता असं नाही, ही झडती रोजचीच होती. शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) त्याला शाळेतून काढलेलं, शस्त्राच्या एका केसमधे तो प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली मोकळा होता, आणि ईस्टमधे घेताना त्याचा एक 'सेफ्टी प्लॅन' बनवलेला की रोज वर्गात जायच्या आधी याला तपासायचं. तपासणारे पोलीस नव्हते, शाळेत शिस्तीचं काम बघणारे दोन कर्मचारी होते. त्या दिवशी त्याच्याकडे पिस्तूल निघालं आणि त्याने दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघंही वाचले. मुलगा पळाला आणि त्याच रात्री शहराबाहेरच्या डोंगराळ भागात त्याचा मृतदेह सापडला.

मग त्याच शहरातल्या मॅकऑलिफ इंटरनॅशनल या मिडल स्कूलचे (सहावी ते आठवीच्या शाळेचे) मुख्याध्यापक टीव्हीवर बोलले. आमच्याकडे पण एक मुलगा आहे, त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे, रोज त्याची झडती आमचीच माणसं घेतात, त्याला ऑनलाइन शिकवा अशी आम्ही मागणी केली तर ती नाकारली. काही महिन्यांनी या मुख्याध्यापकांनाच नोकरीवरून काढलं. विद्यार्थ्याची गोपनीय माहिती बाहेर दिली हे त्यातलं एक कारण सांगितलं गेलं. पालक भडकले, आणि भडकणारच ना, तिकडच्या आपल्या मराठी मंडळींची पोरंसुद्धा अशाच पब्लिक स्कूलमधे जातात.

आता साधा प्रश्न असा की असं मूल नेहमीच्या शाळेत ठेवायचंच कशाला. आपल्याकडच्या कुठल्याही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा, पाच मिनिटांत उत्तर येईल, हाकला. पण या विषयावर गेली तीसेक वर्षं बराच अभ्यास झालाय आणि तो वाचला की 'हाकला' म्हणणारे आणि 'बिचारा मुलगा' म्हणणारे दोघंही अर्धेअर्धेच बरोबर निघतात.

आधी कायद्याचं थोडक्यात. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, केस महिनोन्महिने चालते आणि पंधरा वर्षांच्या पोराचे सहा महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त शालेय वर्ष. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मधे गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात सांगून टाकलं की दहा दिवसांसाठी जरी मुलाला शाळेतून बाहेर ठेवायचं असेल तरी त्याला आरोप सांगा, त्याचं म्हणणं ऐका. कोलोरॅडोत, म्हणजे डेन्व्हर ज्या राज्यात आहे तिथे, हिंसक गुन्ह्याची केस दाखल झाली की त्याची माहिती शाळेला मिळते, आणि मग मुलाला वर्गात ठेवायचं की दुसरीकडे शिकवायचं ते शाळेच्या यंत्रणेने ठरवायचं. म्हणजे वर्गाबाहेर शिकवायचा रस्ता कागदावर होता.

आता ठरवायचं कशावरून? इथे गणित आडवं येतं. मी आकडे मनाने घेतोय, फक्त हिशोब कळावा म्हणून. समजा केस चालू असलेली १००० मुलं आहेत आणि त्यातली १० पुढे शाळेत खरंच काहीतरी भयंकर करणार आहेत. तुमच्याकडे एक चाचणी आहे, चांगली म्हणावी अशी, ती दहातली आठ पकडते आणि उरलेल्या ९९० मधल्या फक्त २० टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. २० टक्के म्हणजे १९८ मुलं. एकूण २०६ मुलं 'धोकादायक' ठरली आणि त्यातली खरी आठ! म्हणजे बोट दाखवलेल्या दर सव्वीस मुलांमधे एक. आणि दोन खरी सुटलीच. घटना जेवढी विरळ तेवढं भाकीत फसवं, मग चाचणी कितीही हुशार असू द्या.

शिवाय शाळेत गोळीबार करणारे हे आधीपासून गुन्हेगार म्हणून ओळखले जाणारे असतात, हे पण फारसं खरं नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणाऱ्या यंत्रणेने) शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधले ३७ हल्ले आणि ४१ हल्लेखोर तपासले, त्याचा अहवाल २००२ मधे आला. जवळपास ६३ टक्के मुलं शाळेत कधीच किंवा क्वचितच अडचणीत आलेली होती. आधी अटक झालेली साधारण चौथा हिस्सा. अमुक एका छापाचं मूल असं करतं असं काही निघालंच नाही. निघालं ते वेगळंच, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे: ८१ टक्के घटनांमधे आधीच कोणाला तरी माहीत होतं, बहुतेक वेळा बरोबरच्या पोरांना. मोठ्यांपर्यंत ते पोचलंच नाही.

आता मेंदूकडे येऊ. 'टीनएजरचा मेंदू पक्का झालेला नसतो' हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय, पण त्याचा अर्थ लोक असा घेतात की त्यांना कळत नाही. कळतं की. सोळा वर्षांचं मूल शांतपणे बसून विचार करतं तेव्हा मोठ्यांइतकाच बरा विचार करतं. बिघडतं ते भावना तापल्यावर आणि मित्र आजूबाजूला असले की. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मधे एक प्रयोग छापला, त्यात लोकांना कॉम्प्युटरवर गाडीचा गेम खेळायला दिला. गाडी पुढे जातेय, सिग्नल पिवळा होतो, जेवढं पुढे जाल तेवढे पॉइंट, पण सिग्नल कधी लाल होईल माहीत नाही आणि झाला की समोर भिंत येते, गाडी आदळली की पॉइंट गेले. एकट्याने खेळताना १३ ते १६ ची पोरं आणि २४ च्या वरचे लोक यांच्यात फार फरक पडला नाही. मग शेजारी ओळखीची दोनच पोरं उभी केली, 'अरे जाऊ दे ना, अजून थोडं' करणारी. टीनएजर मुलांची जोखीम घेण्याची पातळी जवळपास दुप्पट झाली आणि मोठ्यांवर परिणाम जवळजवळ शून्य. पुढे मेंदूच्या स्कॅनमधेही हेच दिसलं, मित्र बघतायत म्हटलं की बक्षिसाला भुलणारा भाग जास्त पेटतो.

आणि शाळा म्हणजे काय हो? मित्र बघतायत अशी जागा. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी याच काळात एक झकास युक्ती केली. अमेरिकन शाळांना शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी अधूनमधून एखादा दिवस सुट्टी असते, बाकी शहर नेहमीसारखं चालू. मग शाळा असलेल्या आणि नसलेल्या दिवसांचे अल्पवयीन गुन्ह्यांचे आकडे त्यांनी समोरासमोर ठेवले. शाळा भरते त्या दिवशी चोऱ्यामाऱ्या, तोडफोड असे गुन्हे १४ टक्क्यांनी कमी, आणि मारामाऱ्या, हिंसक गुन्हे २८ टक्क्यांनी जास्त! शाळा पोरांना रस्त्यावरून आत घेते म्हणून चोऱ्या थांबतात, आणि सगळ्यांना एकाच आवारात कोंबते म्हणून भांडणं पेटतात. एकाच दिवशी, एकाच शहरात, दोन्ही.

म्हणजे केस चालू असलेल्या मुलाला बाहेर काढलं तर शाळेच्या आवारातला धोका थोडा कमी होईल आणि आवाराबाहेरचा वाढेल, धोका फक्त पत्ता बदलतो. शाळेचे आकडे छान दिसतील, शहराचे नाही.

पर्यायी शाळेत पाठवा, सगळ्या अशा मुलांची वेगळी सोय करा, हे ऐकायला बरं वाटतं. पण यावर थॉमस डिशियन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांचा १९९९ चा पेपर आहे आणि तो वाचून मला तरी धसका बसला. वांड पोरांना सुधारायला म्हणून एकत्र बसवलं की ती एकमेकांना शिकवतात. कसं, तर हसून. एकाने नियम मोडल्याची फुशारकी मारली, बाकीचे खदखदा हसले, झालं, बक्षीस मिळालं. चांगल्या बोलण्यावर कोणी हसत नाही. मॅककॉर्ड बाईंनी मॅसॅच्युसेट्समधल्या १९३९ साली सुरू झालेल्या एका जुन्या सुधार कार्यक्रमातली पोरं मध्यमवयात पुन्हा शोधून काढली होती, त्यात जी मुलं उन्हाळी शिबिराला एकाहून जास्त वेळा गेली त्यांचं आयुष्य मदत न मिळालेल्यांपेक्षाही वाईट निघालं. चांगल्या हेतूने केलेलं, बरं का.

पण मग 'बिचारा मुलगा' पार्टीने लगेच खूष होऊ नये. एक नासका आंबा अख्खी पेटी नासवतो ही म्हण पोरांच्या बाबतीत क्रूर वाटते, पण वर्गातल्या बाकीच्यांना किंमत मोजावी लागते हे मोजून दाखवलंय. स्कॉट कॅरेल आणि मार्क होक्स्ट्रा यांनी फ्लोरिडातल्या एका काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) घरात मारहाण बघणाऱ्या मुलांच्या वर्गमित्रांचा अभ्यास केला (ती मुलं आरोपी नव्हती, पण वर्गात त्रास देण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं). प्राथमिक शाळेत पंचवीसच्या वर्गात असं एक मूल असलं तर बाकीच्यांची पंचविशीतली कमाई साधारण ३ टक्क्यांनी कमी. तीन टक्के म्हणजे थोडं वाटतं, पण चोवीस पोरांचे तीन-तीन टक्के आहेत ते. त्यामुळे घाबरलेल्या आईबापाला 'तुम्ही संवेदनशील नाही' म्हणणं मला पटत नाही. हा खर्च खरा आहे आणि तो शाळेने मान्य करायला हवा.

आणि केस झालेल्या अशा मुलांचं पुढे काय होतं? फिनिक्स आणि फिलाडेल्फियात १३५४ मुलामुलींचा सात वर्षं पाठपुरावा झाला, सगळी गंभीर गुन्ह्यातली, गुन्ह्याच्या वेळी वय १४ ते १७. बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर घटत गेले, सतत वरच्या पातळीवर गुन्हे करत राहिलेले साधारण दहातले एक. दुसऱ्या एका अभ्यासात, पहिल्यांदाच पकडलेली १२१६ मुलं घेतली, गुन्हे मध्यम, केसेस सारख्याच, पण काहींना कोर्टात उभं केलं आणि काहींना समज देऊन, समुपदेशन वगैरे करून बाहेरच्या बाहेर सोडलं. पाच वर्षांनी कोर्टात गेलेली मुलं जास्त वेळा पुन्हा पकडली गेली, जास्त हिंसक झाली आणि शाळा पूर्ण करण्यात मागे पडली. शिकागोत तर ॲना आयझर आणि जोसेफ डॉयल यांनी बघितलं की केस कुठल्या जजकडे जाईल हे जवळपास नशिबावर असतं, काही जज कडक, काही सौम्य, मग निव्वळ कडक जज मिळाला म्हणून कोठडीत गेलेल्यांचं काय झालं? शाळा पूर्ण करायची शक्यता कमी, मोठेपणी तुरुंगात जायची शक्यता बरीच जास्त. कोठडी महिन्या-दोन महिन्यांची, पण बहुतेक पोरं परत नीट शाळेत आलीच नाहीत.

मग करायचं काय? डेन्व्हरमधे लोकांना वाटलं पोलीस नाहीत म्हणून झालं. २०२० मधे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू झाल्यानंतर तिथल्या स्कूल बोर्डाने शाळांमधून पोलीस काढले होते, २०२३ च्या जूनमधे मतदान करून परत आणले. लूसी सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शाळांचा डेटा बघितला तर शाळेत पोलीस असले की मारामाऱ्यांसारखी हिंसा कमी होते, बंदुकीच्या घटना थांबत नाहीत, आणि सस्पेंड होणारी, अटक होणारी मुलं वाढतात, त्यात काळी मुलं जास्त. म्हणजे फायदा आहे, पण ज्याला आपण घाबरतो त्याच्यावर नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ड्यूई कॉर्नेल यांनी २००१ पासून दुसरी पद्धत बसवली, थ्रेट असेसमेंट, म्हणजे धोका किती खरा आहे याची पडताळणी. यात मूल कोणत्या छापाचं आहे हे विचारत नाहीत. मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, पोलीस एकत्र बसतात आणि बघतात की या मुलाचं आत्ता कोणाशी भांडण आहे, हातात हत्यार येईल का, काही तयारी दिसतेय का, आणि काय बदललं तर हे निवळेल. २०१३ मधे व्हर्जिनियाने अशी टीम सगळ्या सरकारी शाळांना सक्तीची केली, असं करणारं पहिलं राज्य. पण त्याच व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत, २०२१ च्या मे महिन्यात शाळेत लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या मुलाला पायात ट्रॅकर लावून दुसऱ्या शाळेत पाठवलं आणि ऑक्टोबरमधे तिथे दुसऱ्या मुलीवर हल्ला झाला. चौकशीत निघालं काय, तर शाळा, डिस्ट्रिक्ट, पोलीस, प्रोबेशन, सगळ्यांकडे एकेक तुकडा होता आणि जोडायला कोणी बसलं नाही. डिसेंबर २०२२ मधे अहवाल आला आणि डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, म्हणजे सुपरिंटेंडंटची, नोकरी गेली. टीम कागदावर असून चालत नाही.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. बाल न्याय कायदा २०१५ मधे मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, त्याला नव्याने सुरुवात करायची संधी द्या असं तत्त्वच लिहिलंय, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणाला शाळेतून काढता येत नाही. कायदा म्हणून चांगला आहे. पण वर्गशिक्षकाला कळतं ते गल्लीतल्या चर्चेतून नाहीतर पेपरातून, आणि कळल्यावर पन्नास-साठ पोरांच्या वर्गात त्याने करायचं काय, तर सहसा पालकांना बोलावून गोडीगुलाबीने दाखला न्यायला सांगायचं. काढलं असं कुठेच नोंदवलं जात नाही.

माझं पोर त्या वर्गात असतं तर मी 'तो मुलगा कोण' हे विचारलं नसतं (खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलंच असतं). शाळेला विचारलं असतं की प्लॅन शेवटचा कधी तपासला, कारण सहा महिन्यांपूर्वीचा प्लॅन टीनएजरच्या बाबतीत शिळाच. झडती कोण घेतं आणि त्याला ती घ्यायचं ट्रेनिंग आहे का. हत्यार निघालं तर पुढच्या दहा सेकंदांत काय करायचं हे त्या माणसाला कोणी सांगितलंय का. त्या मुलाशी झडतीशिवाय दिवसातून एकदा तरी बोलणारं कोणी मोठं माणूस शाळेत आहे का. आणि माझ्या मुलीला काही कानावर आलं तर चुगलखोर न ठरता ती ते कोणाला जाऊन सांगेल, त्या माणसाचं नाव तिला माहीत आहे का.