बेडकाचं नाव त्याच्या तळपायावर

पहिला दमदार पाऊस पडला की दोन-तीन रात्रींतच बेडकांच्या मोजणीला लागायचं. वर्षभर मातीत पुरून राहिलेले बेडूक तेवढ्यापुरते वर येतात, अंडी घालतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. ऑगस्टमध्ये मोजणी सुरू करणाऱ्यांच्या यादीत ते सहसा येत नाहीत, मग ‘आमच्या भागात नाहीतच’ असं बिनधास्त लिहिलं जातं.

जागा निवडताना नवी मुंबईत हमखास फसगत होते. नकाशावर धारण तलाव (पावसाचं जादा पाणी साठवणारे) भरपूर दिसतात, पण त्यांत भरतीचं खारं पाणी शिरतं आणि इथल्या बेडकांच्या कातडीला ते सोसत नाही. त्यापेक्षा खारघरच्या डोंगरपायथ्याची डबकी, ओढ्यांचे काठ, उरलीसुरली भातखाचरं धरावीत. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री फिरायचं नाही, बिबटेही आहेत. गमबूट मात्र सगळीकडे हवेत, कारण बेडकांच्या मागावर सापही असतात.

अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने सुरुवात करावी. दोघं जण, १०० मीटरचा पट्टा, ३० मिनिटं. दर फेरीला हेच माप ठेवलं नाही, तर जूनचे आकडे जुलैच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. आधी टॉर्च बंद ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐका; उजेड पडला की जवळचे नर गप्प होतात. मोबाइलवर आवाज वेव्ह (.wav) फाइलमध्ये साठवा आणि तापमान टिपून ठेवा. गारव्यात तोच बेडूक सावकाश ओरडतो.

ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नये. एकाच डबक्यात, एकाच जातीत कुणाच्या पाठीवर पिवळी रेघ असते, कुणाच्या नसते. बुलफ्रॉगचा नर एरवी हिरवट-तपकिरी. विणीच्या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि घशाजवळ निळे फुगे फुगवतो. म्हणून मागचं पाऊल पाहायचं. बोटांच्या टोकापर्यंत पडदा, डोळे डोक्याच्या वर आणि पाण्यावरून टुणटुण पळणारा, तर तो युफ्लिक्टिस. आतल्या बोटाच्या बुडाशी त्या बोटापेक्षा लांब, फावड्यासारखा कडक उंचवटा असेल, तर जमीन खोदणारा स्फेरोथिका. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतील, तर झाडबेडूक असण्याची शक्यता मोठी. डोळ्यामागे फुगीर ग्रंथी आणि खरखरीत पाठ म्हणजे भेक.

खरी पंचाईत मिनर्वार्या या छोट्या बेडकांची. पोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक रेघ दिसली की प्रजात (जीनस) कळते. पुढची जात (स्पीशीज) नुसत्या दिसण्यावरून ठरवू नये. आवाजाची किंवा डीएनएची साथ नसेल, तर वहीत ‘मिनर्वार्या, जात अनिश्चित’ एवढंच लिहावं. त्यात बुलफ्रॉगची तीन सेंटीमीटरची पिल्लंही घाईत यांच्यातच मोजली जातात.

बेडूक हाताळायचा तर हात ओले हवेत, त्यांवर डास पळवणारं मलम किंवा सॅनिटायझर नको. प्रत्येकाला नवी पिशवी; पाठ, कूस, पोट आणि मागचं पाऊल यांचे फोटो काढून सापडला तिथेच सोडायचा. दुसऱ्या जागी जाण्याआधी बुटांचा चिखल घासून काढा आणि बूट ब्लीचच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातूनही पसरते.

दुसऱ्या दिवशी उजेडी एक फेरी मारावी. भेकाची अंडी पाण्यात लांब माळांमध्ये दिसतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाकीच्या भिंतीवर मुठीएवढा फेस असेल, तर झाडबेडकाची नोंद करा. गवताच्या काडीवरचा नखाएवढा फेस मात्र एका किड्याच्या पिल्लाचा असतो, तो मोजू नका.