सुई कुठे टोचली ते तरी लिहा

"ॲक्युपंक्चरने पाठदुखी बरी होते, रिसर्चने सिद्ध" असले फॉरवर्ड आले की ग्रुपवर ठरलेलं भांडण होतं, एक गट म्हणतो हजारो वर्षांचं ज्ञान, दुसरा म्हणतो थोतांड, आणि मूळ पेपर दोघांनीही उघडलेला नसतो. उघडलात तर आधी बघा, सुई कुठे टोचली, किती खोल, किती वेळ ठेवली, टोचणाऱ्याचं ट्रेनिंग काय, हे लिहिलंय का. गोळीचं बरं असतं, औषध आणि डोस सांगितला की झालं. सुईचं तसं नाही म्हणून ॲक्युपंक्चरच्या पेपरात काय काय लिहायलाच हवं याची 'स्ट्रिक्टा' नावाची यादी २००१ मध्ये आली, २०१० मध्ये ती सुधारली, आता त्यात ६ मुद्दे आणि १७ उपमुद्दे आहेत.

त्यातला मला सगळ्यात भारी वाटतो तो कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाचा मुद्दा. गोळीच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला साखरेची गोळी देता येते, इथे काय देणार? १९९८ मध्ये स्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ या जर्मन संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक शॅम म्हणजे खोटी सुई मांडली. टोक बोथट, आणि सुई स्वतःच्याच मुठीत (म्हणजे दांड्यात) सरकणारी. कातडीवर छोटी रिंग ठेवून वर प्लास्टर लावायचं, सुई त्या प्लास्टरमधून खाली, टोक टेकलं की पेशंटला टोचल्यासारखं वाटतं, अजून दाबलं की सुई मुठीत शिरते आणि दिसायला मात्र अंगात गेल्यासारखी दिसते! खरी सुईही तशाच रिंगमधून लावायची, म्हणजे पेशंटला फरक कळत नाही. टोचणाऱ्याला अर्थात कळतोच, त्यामुळे डबल ब्लाइंड, म्हणजे दोघांनाही माहीत नसलेली ट्रायल, म्हणता येत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे सुई खरीच, पण भलत्या जागी आणि उथळ. जर्मनीतल्या 'गेरॅक' ट्रायलमध्ये (२००७, कंबरदुखीचे ११६२ पेशंट) हीच वापरली. सहा महिन्यांनी फरक पडलेले पेशंट खऱ्या ॲक्युपंक्चरमध्ये ४७.६ टक्के, शॅममध्ये ४४.२, आणि औषधं-व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारात २७.४. आता यातून "नेहमीच्या उपचारापेक्षा कितीतरी सरस" अशी हेडलाइनही निघते आणि "खोट्या सुईइतकंच" अशीही. शॅम नेमकी कशी होती हे पेपरात नसेल तर यातलं कुठलं खरं ते कसं ठरवणार? (आणि भलत्या जागी टोचूनही एवढा फरक पडत असेल तर सुया कुठे टोचायच्या त्या रेषा, म्हणजे मेरिडियन, दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यांचं काय करायचं?)

डेटाचंही तेच, तो उघड नसेल तर तपासणार कसं? २०१२ मध्ये ॲक्युपंक्चरच्या २९ ट्रायल्सच्या १७,९२२ पेशंटचा कच्चा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा खऱ्या आणि शॅममध्ये फरक सापडला, पण छोटासा. मूळ संशोधकांनी डेटा दिला म्हणून हे जमलं. मोठ्या मेडिकल जर्नल्सनी जुलै २०१८ पासून 'डेटा देणार की नाही' हे लिहिणं सक्तीचं केलं, पण "नाही देणार" लिहिलं तरी चालतं. आपल्याकडच्या ट्रायल्स सीटीआरआय या भारताच्या ट्रायल-नोंदणीच्या साइटवर फुकट बघता येतात, तिथे आधी नोंदवलेलं मुख्य मोजमाप आणि पेपरातलं मोजमाप शेजारी ठेवून बघा, 'वेदना' मोजणार होते आणि छापताना 'झोप सुधारली' एवढंच असेल तर मग तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका.