वेबपृष्ठातील डेस्कटॉप कंट्रोल : कोड-सुरक्षा परवानग्यांचा दोषशोध

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानात डेस्कटॉप प्रोग्रॅमचा एखादा तुकडा बसवता येतो : वजनाचा आकडा दाखवणारी चौकट, बारकोड छापणारे बटण, फाइल वाचणारी खिडकी. अशा तुकड्याला कंट्रोल म्हणतात. तो सर्व्हरवरून उतरतो, पण चालतो वापरणाऱ्याच्या संगणकावर. म्हणून त्याला त्या संगणकात काय करू द्यायचे, हा प्रश्न येतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याच्या व्यवस्थेत, १.० (२००२) पासून ३.५ पर्यंत ‘कोड ॲक्सेस सिक्युरिटी’ ही व्यवस्था या प्रश्नाचा निकाल लावत असे. प्रस्तुत नोंद इंटरनेट एक्सप्लोररच्या पानात बसवलेल्या विंडोज फॉर्म्स (डॉट नेटमधला खिडक्या-बटणांचा संच) कंट्रोलबद्दल आणि तो अडला की दोष कसा शोधायचा याबद्दल आहे.

१९९६ मध्ये आलेल्या ॲक्टिव्हएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आधीच्या कंट्रोल-पद्धतीत, सही पाहून ‘हो’ म्हटले की कंट्रोलला सगळे घर मोकळे. डॉट नेटने मधला मार्ग काढला. कोड कुणाचा आणि कुठून आला याचे पुरावे (पत्ता; झोन, म्हणजे इंट्रानेट, इंटरनेट असा पत्त्याचा विभाग; स्ट्राँग नेम, म्हणजे कोडला सहीनिशी दिलेले अनन्य नाव; प्रकाशकाची सही) गोळा करायचे, त्यांवरून कोडगट ठरवायचे आणि गटानुसार परवानग्या द्यायच्या. स्वतःच्या डिस्कवरच्या कोडला पूर्ण विश्वास, म्हणजे ‘फुलट्रस्ट’. कार्यालयीन नेटवर्कवरच्या कोडला ‘लोकल इंट्रानेट’ संच. बाहेरून आलेल्याला त्याहून तोकडा ‘इंटरनेट’ संच. एंटरप्राइझ, मशीन आणि यूजर अशा पातळ्या असतात. एका पातळीतल्या गटांच्या परवानग्यांची बेरीज होते, पातळ्यांमध्ये मात्र सर्वांना मान्य असेल तेवढेच उरते. बसवताना एंटरप्राइझ आणि यूजर या पातळ्या सगळ्याला होकार देतात, त्यामुळे खरा निर्णय मशीन पातळीवर होतो.

दोष शोधताना पहिली वाटणी अशी करावी : कंट्रोल दिसतच नाही, की दिसतो पण काम करत नाही? पानात नुसती रिकामी चौकट असेल, तर परवानग्यांकडे धावण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. क्लासचे नाव चुकलेले असते, संगणकावर फ्रेमवर्कच नसते, किंवा आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये त्या फोल्डरला ‘स्क्रिप्ट्स अँड एक्झिक्युटेबल्स’ ही मुभा दिलेली असते. या शेवटच्या प्रकारात सर्व्हर डीएलएल (कंट्रोलचा कोड असलेली फाइल) पाठवण्याऐवजी स्वतःच चालवू पाहतो; तिथे ‘स्क्रिप्ट्स ओन्ली’ हवे. कंट्रोल दिसतो पण बटण दाबताच ‘सिक्युरिटी एक्सेप्शन’ येते, तेव्हा गोष्ट परवानगीची. त्या संदेशात नाकारलेल्या परवानगीचे नाव छापलेले असते, आणि लोक नेमका तोच भाग न वाचता खिडकी बंद करतात.

नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका कारखान्यातला प्रसंग यासाठी बोलका आहे. आवक-गेटवर मालाच्या ट्रकचा वजनकाटा सिरियल केबलने संगणकाला जोडलेला होता आणि काट्याचा आकडा थेट कार्यालयीन पानात यावा म्हणून कंट्रोल बसवला होता. सिरियल पोर्ट, म्हणजे ती केबल जोडण्याची जागा, उघडण्यासाठी अनमॅनेज्ड कोडची (डॉट नेटच्या देखरेखीबाहेर चालणाऱ्या कोडची) परवानगी लागते. ती इंट्रानेट संचात नसते. म्हणून प्रस्तुत लेखकाने सर्व्हरच्या पत्त्याला फुलट्रस्ट देणारा कोडगट बनवला, तपासला, चहा घेतला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी गेटवरून फोन : ‘साहेब, काटा मेला.’ जाऊन पाहिले तर काट्याच्या डब्यावर आकडा ठणठणीत, पानातली चौकट मात्र लाल. गेटवरच्या गड्याने रात्री सर्व्हरचे नाव आठवेना म्हणून पत्त्याच्या जागी आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकून तोच बुकमार्क करून ठेवला होता.

सर्व्हर तोच, डीएलएल तीच. पण इंटरनेट एक्सप्लोरर ठिपका नसलेल्या नावाला इंट्रानेट समजतो आणि ठिपके असलेल्या पत्त्याला, वेगळे सांगितले नसेल तर, इंटरनेट. शेजारच्या खोलीतला सर्व्हरही आकड्यांनी हाक मारली की परका होतो. शिवाय कोडगटात लिहिलेला पत्ता अक्षरशः जुळावा लागतो. नाव आणि आयपी एकाच यंत्राचे आहेत हे ही यंत्रणा जाणत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ७ पासून आणखी एक भर पडली : डोमेनला (कार्यालयातल्या संगणकांचा एका मध्यवर्ती सर्व्हरखालचा गट) न जोडलेल्या संगणकांवर इंट्रानेट झोन मुळातच बंद ठेवला गेला. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत डोमेन कुठले, चार संगणक आणि एक वर्कग्रुप, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हर नसलेला साधा गट. तिथे नाव बरोबर टाकूनही कोड इंटरनेट झोनमध्येच पडे.

कोडगट कुठे टांगला यालाही महत्त्व आहे. ‘कॅसपोल’ या सुरक्षा-धोरण बदलणाऱ्या आज्ञेने गट जोडताना पुष्कळ जण तो १.२ या क्रमांकाखाली, म्हणजे इंट्रानेट गटाच्या पोटात घालत. आईगटाची अट जुळली तरच पोटगट तपासला जातो. पत्ता इंटरनेट झोनमध्ये गेला की तो गट असून नसल्यासारखा. थेट मुळाखाली, म्हणजे १ खाली घातला तर ही अडचण येत नाही. दुसरी फसगत आवृत्तीची. १.१ आणि २.० यांची धोरणे वेगळी साठवली जातात, ३२ आणि ६४ बिटांचीही वेगळी. ६४ बिटांच्या फोल्डरातला कॅसपोल चालवून ३२ बिटांच्या ब्राउझरकडून फरकाची अपेक्षा करणे म्हणजे शेजारच्या घराचे कुलूप उघडून आपल्या दारात उभे राहणे. बदल केल्यावर ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडाव्या लागतात, हेही विसरले जाते.

पत्त्याऐवजी स्ट्राँग नेमवर विश्वास द्यावा, हा सल्ला सुरक्षेच्या दृष्टीने रास्त, कारण त्या पत्त्यावर उद्या दुसरे काहीही ठेवले तरी त्याला आपोआप मोकळीक मिळत नाही. पण त्यात एक खोल खड्डा आहे. परवानगी तपासताना यंत्रणा हाका मारणाऱ्यांची, म्हणजे एकाने दुसऱ्याला चालवणाऱ्या कोडची, पूर्ण साखळी वरपर्यंत पाहते. ब्राउझर कंट्रोलसाठी जे ॲप्लिकेशन डोमेन (कोड चालण्याचा वेगळा कप्पा; वरच्या नेटवर्कच्या डोमेनशी संबंध नाही) उघडतो, त्याला पानाच्या पत्त्याचा पुरावा असतो, स्ट्राँग नेमचा नसतो. त्यामुळे डीएलएल पूर्ण विश्वासाची, तिच्याभोवतीचे डोमेन अर्धवट विश्वासाचे, आणि साखळी तिथे तुटते. उपाय म्हणजे कोडमध्ये नेमक्या त्या परवानगीसाठी ‘असर्ट’ लिहिणे, म्हणजे साखळीची वरची तपासणी तिथेच थांबवणे, तेही मोजक्या ओळींपुरते. पत्त्यावरच्या गटात ही अडचण जाणवत नाही, कारण तिथे डोमेनलाही तोच विश्वास मिळतो. सोपा उपाय लोकप्रिय होण्याचे हे एक कारण.

‘माझ्या संगणकावर तर चालते’ या वाक्याचे मूळही इथेच. व्हिज्युअल स्टुडिओत, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात, चाचणी घेताना डीएलएल स्वतःच्या डिस्कवरची, म्हणून फुलट्रस्ट. गेटवरच्या संगणकात तीच सी ड्राइव्हवर कॉपी करून कॅसपोलने तपासली तरी उत्तर ‘सगळे ठीक’ असेच येते; पुरावा फाइल जिथे ठेवली तिथला असतो, पानाचा नसतो.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे सुरक्षाच बंद करणे. १.१ मध्ये एका आज्ञेने ती कायमची बंद होई आणि ती पुन्हा चालू करायला कोण जातो? २.० मध्ये ही आज्ञा कॅसपोल चालू असेपर्यंतच लागू राहते, ही सुधारणा शहाणपणाची.

डॉट नेट ४ ने (२०१०) मशीनभर लागू होणारे हे धोरण मोडीत काढले, त्यानंतरच्या नव्या डॉट नेट कोअरने कोड ॲक्सेस सिक्युरिटी घेतलीच नाही, आणि विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. काटा वाचायला आता क्रोममध्ये वेब सिरियल ही सोय आहे. कोणता पोर्ट उघडायचा हे वापरणारा स्वतः यादीतून निवडतो, कोडगट नाहीत, कॅसपोल नाही. मात्र ती फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालते. गेटवरच्या गड्याने साध्या एचटीटीपीने सर्व्हरचा आयपी टाकला, तर पानाला सिरियल पोर्ट असे काही असते हेच कळत नाही.