'गोयोकिबा': हान्झोच्या मांडीवरचे दगड कुठून आले?

केंजी मिसुमी यांचा 'गोयोकिबा' डिसेंबर १९७२ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ 'सरकारी सुळा'. काझुओ कोइके यांच्या माँगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर बेतलेल्या या चित्रपटात शिंतारो कात्सू हे एदो शहरातला पोलीस हान्झो इतामी झाले आहेत. वरिष्ठच लाचखोर, म्हणून हान्झो नोकरीची शपथ घ्यायला साफ नकार देतो. आरोपी काय सोसतो ते कळावं म्हणून स्वतःच्या मांड्यांवर दगडी लाद्याही चढवून घेतो. प्रसंग भडक आहे, पण लाद्या इतिहासातल्याच आहेत.

एदो म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकात वस्ती दहा लाखांच्या घरात. सामान्य रहिवाशांसाठी उत्तर आणि दक्षिण अशा दोन माचीबुग्यो (नगर-दंडाधिकारी) कचेऱ्या, आणि प्रत्येकीत २५ योरिकी, म्हणजे पोलीस अधिकारी, व त्यांच्या हाताखाली शंभर-सव्वाशे दोशिन, म्हणजे गस्त-तपास करणारे शिपाई. हान्झो हा असाच एक दोशिन. पगार म्हणजे वर्षाला ३० पोती तांदूळ आणि दोन माणसांचा शिधा. एवढ्यात खबरीही पदरचे पैसे घालून पोसायचे. हे खबरी बरेचदा आधीचे गुन्हेगार असत आणि धाक दाखवून पैसे उकळत. शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, त्यांच्यावर पुन्हापुन्हा बंदी घातली, पण त्यांच्यावाचून कचेरीचं पान हलत नसे.

सगळ्याचं मूळ एका नियमात आहे: शिक्षेसाठी आरोपीचा कबुलीजबाब हवा. मेलेला माणूस कबुली देत नाही, म्हणून दोशिनचं खास हत्यार तलवार नव्हे, तर जित्ते. ही लोखंडी कांब, मुठीजवळ एक आकडा. वार अडवायचा, पातं आकड्यात धरायचं आणि माणसाला दोरीने बांधायचं. हातात तलवार घेतलेला माणूस जवळ येऊ देत नसेल, तर लांब दांड्याचा काटेरी सोदेगारामी त्याच्या बाह्यांत अडकवून त्याला खाली पाडत.

पकडलेला गप्प राहिला, तर इशिदाकी. त्रिकोणी धारेच्या लाकडी पट्ट्यांवर गुडघे टेकवून बसवायचं आणि मांड्यांवर सुमारे ४९ किलोची एकेक लादी चढवायची. पट्ट्या नडग्यांत रुतत जात. निरपराध माणूसही अशा वेळी हवं ते कबूल करतो, हा या पद्धतीचा मोठा दोष. शोगुनशाहीच्या १७४२ च्या दंडसंहितेने सर्वांत कठोर प्रकार, म्हणजे हात मागे बांधून टांगणं, फक्त गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला.

हान्झो बायकांवर बलात्कार करून माहिती काढतो आणि चित्रपट त्याला चौकशीचं तंत्र ठरवतो. एदोच्या संहितेत त्याला आधार नाही, आणि पडद्यावरही त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारने १८७६ मध्ये कबुलीजबाबाची अट काढली. छळ कायद्याने बंद व्हायला १८७९ उजाडलं.