न किडलेली दाढ

शेजारच्या आजींनी काढलेली दाढ डबीत घालून घरी आणली. "हिला कीड कुठाय दाखव बघू. उगंच काढली की ओ डॉक्टरनं!" मी दाढ उजेडात धरली. वरचा भाग खरंच धड होता. मुळांवर मात्र काळपट खडा जवळजवळ टोकापर्यंत चिकटलेला होता.

दाढ काढली म्हणजे ती किडली असणार, असं आपण धरूनच चालतो. पण चांगला दातही भोवतालचं हाड गेल्यामुळे काढावा लागतो.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात साधारण ०.२ मिलिमीटर फट असते. तिच्यात तंतू ताणलेले असतात, मागावरच्या ताण्यासारखे. कडक भाकरी चावताना दात किंचित दबतो आणि हे तंतू तो भार झेलतात.

हिरडीच्या कडेला जिवाणूंचा थर साचतो आणि लाळेतल्या क्षारांनी त्याचा खडा बनतो. हाड पोखरतात त्या मात्र आपल्याच पेशी, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. जिवाणूंशी लढायला आलेल्या पेशींमुळे हिरडी सुजते. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे रँकएल नावाचं प्रथिन वाढतं. त्याच्या इशाऱ्यावर मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या वंशातल्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांची एक थोराड पेशी तयार होते, ऑस्टिओक्लास्ट. ती हाडाला चिकटून खालची जागा चहूबाजूंनी बंद करते आणि तिथे आम्ल सोडते. आम्लात खनिज विरघळतं, उरलेलं कोलाजन, म्हणजे हाडातलं चिवट प्रथिन, कॅथेप्सिन-के हे विकर तोडतं. एरवी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन रँकएलला आवरून धरतं; जुनाट सुजेत तो तोल जातो. हाड खाली सरकतं, तंतू सुटतात, दात हलतो. असं सुजेने गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

आजींनी विड्या वळत उभा जन्म काढला, सकाळी मिश्रीही लावली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत हेच चालतं. तंबाखूने हिरड्या झिजून मागे सरतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं, त्यामुळे दुखणं लपून राहतं.

बाकी कारणं ओळखीची आहेत: भरता न येण्याइतकी कीड, मुळाला उभी चीर, आडवी अडकलेली अक्कलदाढ, दात सरळ करायला हवी असलेली जागा. तोंडाच्या कर्करोगात किरणोपचाराआधीही खराब दात काढतात, कारण नंतर जबड्याची जखम सहज भरत नाही.

"वरची दाढ काढली की नजर जाते" ही भीती मात्र निराधार आहे. वरच्या दातांची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या मधल्या फांदीतून जाते, दृष्टी दुसऱ्या मज्जातंतूतून. या भीतीपायी माणसं पू झालेली दाढ महिनोन्‌महिने तोंडात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आजींच्या जबड्यातला खड्डा काही महिन्यांत नव्या हाडाने भरेल. पण चावण्याचा ताण नसल्याने तिथली कड हळूहळू झिजत जाईल. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे गाल आत बसतात ते यामुळेही.