खोडात ओळख पटवणारा प्रेअरीचा पतंग

मक्याच्या पोंग्यात शिरणाऱ्या लष्करी अळीमुळे आणि उसातल्या गुलाबी खोडकिड्यामुळे नॉक्टुइडी हे पतंगांचे कुळ आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे. मात्र त्याच कुळातला पॅपायपेमा एरिंजीआय हा अमेरिकन पतंग मोजक्या अभ्यासकांनाच ठाऊक असतो. १९१७ मध्ये हेन्री बर्ड यांनी वर्णन केलेला हा खोडकिडा पिकांच्या वाटेला जात नाही. त्याची अळी प्रेअरी या अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातील रॅटलस्नेक मास्टर या एकाच वनस्पतीवर जगते. घायपातीसारख्या काटेरी कडांच्या पानांची ही वनस्पती चक्क कोथिंबिरीच्या कुळातली आहे.

पतंगाचे पुढचे पंख जांभळट तपकिरी असून त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके असतात. परंतु एवढ्यावर विसंबणे धोक्याचे, कारण याच पॅपायपेमा प्रजातीतील (genus) कित्येक जाती अशाच रंगाच्या आणि ठिपक्यांच्या असतात. प्रकाशाकडे आलेला, पंख झिजलेला नमुना हाती पडला, तर जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय खात्री देता येत नाही.

अळीची ओळख त्या मानाने सोपी आहे. मे महिन्यात अंड्यातून बाहेर पडलेली अळी सुरुवातीला पाने कुरतडते आणि मग खोड पोखरत मुळापर्यंत उतरते. बुंध्याशी छिद्र आणि त्याखाली साचलेला विष्ठेचा भुसा दिसला, म्हणजे आत अळी आहे किंवा होती असे समजावे. पूर्ण वाढलेली अळी जांभळट असते, डोके पिवळे असते आणि अंगावर पाच पांढुरक्या उभ्या रेषा असतात. अन्य बऱ्याच भाईबंदांमध्ये या रेषा शरीराच्या मध्यावर तुटतात, हिच्यात मात्र त्या सलग जातात. एकंदरीत, या प्रजातीत पंखांपेक्षा खाद्य वनस्पतीची साक्ष अधिक भरवशाची आहे, असे माझे मत आहे.

पतंग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उडतात आणि मादी खाद्य वनस्पतीजवळच्या पालापाचोळ्यात अंडी घालते. हीच अंडी हिवाळा काढतात आणि नेमकी तिथेच पंचाईत होते. झाडोरा माजू नये म्हणून प्रेअरीला अधूनमधून वणव्याची गरज असते, तर त्याच वणव्यात अंडी जळून जातात. पूर्वी अफाट गवताळ प्रदेशात न जळलेल्या पट्ट्यांतून पतंग परत पसरत असत. आता अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मूळ प्रेअरीचा एक टक्काही उरलेला नाही. त्यामुळे उरलेला तुकडा एकाच वर्षी संपूर्ण न जाळता त्याचे भाग पाडून आळीपाळीने जाळावेत, असा सल्ला दिला जातो.